सव्वा मूठ

सुकदेव सुरतला असतो, हे गावात तीन वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सुकदेवला. तो आपला धुळ्यात, देवपुरात, भाड्याच्या गाळ्यात बसून शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी भरत होता. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे, एक चुकला की मोटार जळलीच म्हणून समजा. पण या डोकं फिरलेल्या माणसाच्या हातची मोटार जळून परत आली, असं दोन वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

सुरतची थाप मोठ्या भावाची, प्रेमराजची. तीन वर्षांपूर्वी सुकदेवला आवाज ऐकू यायला लागले. विजेच्या तारा आपलं नाव घेतात म्हणत तो भर बाजारात उघड्या अंगानं खांबावर चढला. लोकांनी उतरवला, बांधला, भगताकडे नेला, मिरच्यांची धुरी दिली. शेवटी बायको, दिपमाला, म्हणाली, बस झालं. तिनं त्याला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत अशी ताकीद दिली. त्यानं केल्या नाहीत. आवाज आधी लांब गेले, मग गेलेच. हात कामात असले की ठीक, रिकामे असले की थरथरायचे, तेवढं मागे राहिलं.

पण प्रेमराजच्या मुलाला, नवलला, स्थळं येत होती. वेडा काका असलेल्या घरात मुलगी कोण देणार? काका सुरतला गेला की प्रश्न मिटला.

यंदा श्रावणात, कानबाईच्या सणाआधी, प्रेमराजचा फोन आला. "भाऊ, तू आराम कर. येवानी दगदग नको. रोट मी धाडसू."

सुकदेव "बरं" म्हणाला आणि शनिवारी सकाळच्या एसटीनं बायकोसह गावी उतरला. आजारानं माणूस शहाणा होतो की नाही, देव जाणे. पण कोण कशासाठी गोड बोलतंय, हे त्याला झकास कळायला लागतं.

कानबाईचे रोट म्हणजे नुसतं जेवण नव्हे. रविवारी देवी बसते. आदल्या दिवशी भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, एकत्र दळायचे, आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे. काल जन्मलेल्या पोराचीही मूठ पडते, ती आई टाकते. परगावच्याची घरातली वडीलधारी बाई टाकते. पडत नाही ती फक्त मेलेल्याची.

ओसरीवर पाटी मांडली होती. शेजारी गव्हाचं पोतं. पंच्याहत्तरीच्या वच्छलाबाई, साऱ्या घराची काकी, भिंतीला टेकून नावं घेत होत्या. सुकदेव दिसताच काकीनं नावं थांबवली. वहिनीनं पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

काकीनं पुन्हा नावं घ्यायला सुरुवात केली. प्रेमराजनं सव्वा मूठ टाकली, नवलनं टाकली. चुलतभाऊ रुपचंद दर आठवड्याला दारू ढोसून बायकोला बडवतो, त्याची तर सगळ्यांत भरघोस पडली. अभिमन नाशिकला नोकरीला, त्याची काकीनंच टाकली. तेरा झाल्या, चौदा झाल्या.

"व्हयनं बठ्ठं," झालं सगळं, म्हणत काकी पाटीवर फडकं टाकायला लागली.

आपण येत नव्हतो तेव्हा काकी आपली मूठ टाकत असेल, असं सुकदेव धरून चालला होता. गोळ्यांच्या गुंगीत पडलेला असताना त्याला तेवढाच आधार होता, की गावच्या पिठात आपण आहोत. आणि तीन वर्षं आपण त्यात नव्हतोच! त्याला राग आला. खणखणीत राग. आणि तो आपला स्वतःचा आहे, कोणी कानात सांगितलेला नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

"काकी, पंधरा," तो म्हणाला.

प्रेमराज पुढे झाला. "सुकदेव, देवीनं काम शे. तुले कळत नही का?"

"माले बठ्ठं कळस. एसटीमा गावना वनानाना भेटना. म्हने, सुरतहून कवय उना?"

प्रेमराजनं आवाज खाली घेतला. "नवलनं लगन जमी ऱ्हायनं. लोके काय म्हनतीन? आनि डोकं फिरेल मानूसनी मूठ देवीले चालत नही."

"कोनी सांगं तुले? देवीनी? रुपचंदनी चालस ना तिले?"

रुपचंद छताकडे पाहू लागला.

"नाशिकवालानी मूठ पडस. सुरतवालानी बी पडती. मेला मानूसनी तेवढी पडत नही." सुकदेवचा आवाज चढला. "मी मरी गऊ का? सांग ना, मरी गऊ का मी?"

एरवी तो दुपारची गोळी आडोशाला जाऊन घ्यायचा. आज त्यानं खिशातून पट्टी काढली, सगळ्यांच्या देखत गोळी तोडली आणि जमिनीवरच्या त्याच तांब्यातलं पाणी प्यायला.

"तुले शुगरनी गोयी, माले डोकानी," तो भावाला म्हणाला. "तू लपाडस का?"

मग त्यानं पोत्यात हात घातला. हात थरथरत होता. चार दाणे खाली सांडले. कोणीतरी हसलं. दिपमाला त्याचा हात धरायला पुढे झाली नाही, जो हसला त्याच्याकडे बघत उभी राहिली. प्रेमराजनं दोन्ही पंजे पाटीवर पसरले. सुकदेवनं त्याच्या बोटांच्या फटींतून मूठ सोडली, मग पंजे बाजूला सारून हात कोपरापर्यंत गव्हात खुपसला आणि सगळे गहू ढवळून टाकले.

"आते वेच. मना दाना कोनता, काढी दे."

"काकी!" प्रेमराज ओरडला. "फेकी द्या हाई. नवं काढू."

वच्छलाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "देवीनी मूठ फेकशी? त्यामा तुना नवलनी बी शे. लगनना वरीसले?"

काकी वळून सुकदेवकडे बघत राहिली. तिनं त्याला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, आणि तीन वर्षं त्याचं नाव गिळलंही होतं.

"आनि तू रे," ती खेकसली, "नुसती मूठच टाकी तू. पाव कोन टाकी, तुना बाप?"

सुकदेवनं पुन्हा पोत्यात हात घातला. पाव मूठ काढली आणि पाटीत सोडली. सांडलेले चार दाणे काकीनं स्वतः वेचून वर टाकले.

"पंधरा," काकी म्हणाली, चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.