कोळीवाड्याचा होकार

त्रेचाळिसाव्या वर्षी शिवदास मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले, तेव्हा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात दोन तट पडले. मास्तर पूर्वी कुठल्यातरी परीक्षेत नापास झाले होते आणि ते आता उघडकीला आलं, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, बायकोनं, केसरनं, त्यांना घराबाहेर काढलं असावं.

खरी गोष्ट साधी होती. चौथीच्या वर्गाला जिल्ह्याच्या नद्या पाठ करून घेता घेता मास्तरांना वाटू लागलं, की हा जिल्हा चालवतं कोण ते एकदा बघावं. नुकतीच जिल्हा परिषद आली होती. विस्तार अधिकाऱ्यांच्या जागा निघणार होत्या. मास्तरांनी बिनपगारी रजा टाकली आणि मुंबईला लोकप्रशासनाच्या एम.ए.ला नाव घातलं.

पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले, तशी सगळी पोरं उभी राहिली. मास्तर सवयीनं "बसा" म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन स्वतःही बसले. तेव्हापासून वर्गात त्यांचं नाव 'काका' पडलं. शिकवणारे जोगळेकर सर त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होते. ते मात्र त्यांना 'मास्तर'च म्हणत.

आता रजा संपत आली होती. शेवटचं काम उरलं होतं प्रबंधाचं: आपल्या गावासाठी एक योजना आखायची आणि तिला गावाची संमती मिळवायची. संमती खरी आहे की कागदावरची, ते बघायला सर स्वतः येणार होते. ती पटली तर पदवी, आणि पदवी हाती आली तर अर्ज. नाहीतर जूनमध्ये पुन्हा चौथीचा वर्ग आणि त्याच नद्या.

मास्तरांची योजना चांगली होती. कोळीवाड्यातला जवळा वाळूत सुकतो आणि खाणाऱ्याच्या दातांखाली कचकचतो. तेव्हा किनाऱ्यालगत सिमेंटचे ओटे बांधावेत. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांनी खंडेरायाच्या देवळात सभा घेतली. झाडून सगळे पुरुष आले. चांगदेव तांडेलनं मिशीवरून हात फिरवला.

"बांधा ओटं! इचारायचं काय त्यात?"

"व्हय व्हय," रघू म्हणाला. "आमी सांगितलं म्हंजे जालं."

सगळे हात वर झाले. आठवडाभरात पुरुषांनी चुन्याच्या रेघा ओढून जागाही आखून टाकली. मास्तर घरी आले ते तरंगतच. केसर सुके बोंबील निवडत बसली होती.

"साऱ्या गावानं होकार दिला," मास्तर म्हणाले.

"साऱ्या?" केसरनं मान वर केली नाही. "मंग मी गाव कवां सोडलं?"

बायकोला थट्टेची खोड आहे, असं म्हणून मास्तरांनी ते सोडून दिलं.

रविवारी जोगळेकर सर लाँचनं रेवसला उतरले आणि एस.टी.नं रेवदंड्याला आले. मास्तर त्यांना थेट किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथं चुन्याच्या रेघा दिसत नव्हत्या. त्यांच्यावर मासळी सुकवायच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या बांबूंवर बोंबील दाटीवाटीनं लटकत होते. खाली नीराबाई, म्हणजे चांगदेवची बायको, इतर बायकांसोबत जवळा पसरत होती.

"बाई, ओटे इथंच होणार ना?" सरांनी विचारलं.

"कोन म्हंतंय?"

"गावानं ठरवलंय."

"कनच्या गावानं?" नीराबाईनं कमरेवर हात ठेवले आणि होडीआड सरकू पाहणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "काय हो, तुमी ठरवलंव?"

"मी कशाला ठरवू?" तांडेलची मिशी एकदम खाली आली. "समदे व्हय म्हनत हुते, म्हून म्या बी म्हनलो. रघूच्या घरात त्याचा शब्द चालतो, असं वाटलं मला."

"माजा?" शेजारी जाळं विणत बसलेला रघू दचकला. "मला वाटलं, तुजा चालतो!"

सभेतल्या प्रत्येकाला वाटत होतं, की बायकोच्या हुकमात वागणारा गावात आपण एकटाच. म्हणून प्रत्येकानं चारचौघांत हात वर केला होता.

यात नवल काही नव्हतं. म्हावरं, म्हणजे मासळी, होडीत असेपर्यंत पुरुषांचं. पाटीत पडलं की बाईचं. मग ते विकायचं कुठं, सुकवायचं कुठं, हे तीच ठरवते. मास्तरांना हे जन्मापासून ठाऊक होतं. एम.ए.ला जायची परवानगीसुद्धा त्यांनी केसरकडूनच घेतली होती, ती तिसऱ्या खेपेला मिळाली. पण मुंबईच्या पुस्तकातलं गाव सभेला बसून हात वर करी, आणि मास्तर घरी आले ते पुस्तकातलं गाव बरोबर घेऊनच.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मास्तर, हा होकार मला धरता येणार नाही. संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत मी इथं आहे."

चौथीचा वर्ग मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात केसर आली, पाटी पालथी घालून तिच्यावर बसली आणि इतर बायकांना म्हणाली, "बसा गो सगल्या. मास्तरांची परीक्षा हाय."

बायका बसल्या. मास्तर उभे राहिले.

"कनच्या वट्यावर कोनी सुकवायचं, ते कोन ठरवनार?" केसरनं विचारलं.

"समिती."

"समितीत कोन?"

"तांडेल, सरपंच, शाळेचे..."

बायका अशा हसल्या, की बोंबलांवर टपलेले कावळे उडाले. नीराबाई म्हणाली, "समितीला म्हनावं, आदी येक पाटी डोक्यावर घिऊन चौलच्या बाजारात जाऊन ये."

"आनि बोंबील वट्यावर सुकवायचं की वलांडीवर?" केसरनं पुढचा प्रश्न टाकला.

मास्तरांनी आठवून पाहिलं. प्रबंधात त्याच्यावर एक प्रकरण होतं. ते त्यांनी तोंडपाठ केलं होतं. ते त्यांनी तिथंच सोडलं.

"मला न्हाय म्हायीत," ते म्हणाले. "तुमीच ठरवा. जागा बी, समिती बी."

"हां," केसर म्हणाली. "ह्ये पयलं उत्तर बरोबर आलं."

बायकांनी आपसात कुजबुज केली, थोडं भांडणही केलं. शेवटी नीराबाईनं निकाल सांगितला: वलांड्यांना हात लावायचा नाही. जवळ्यापुरता एकच ओटा आधी बांधा, तोही आम्ही सांगू तिथं. पसंत पडला तर दुसऱ्याचं बघू.

"एकच?" मास्तर सरांकडे वळून केविलवाणे झाले. "योजनेत तर वीस आहेत."

"एक खरा आहे," सरांनी पेन उघडलं. "एवढं मला पुरे. संमतीचं प्रकरण मात्र नव्यानं लिहा, म्हणजे पास करतो."

एस.टी. सुटायच्या वेळी केसर कागदात बांधलेले सुके बोंबील घेऊन आली. जोगळेकरांनी पुडकं हातात घेतलं, लांबूनच वास घेतला आणि गोरेमोरे झाले.

"वहिनी, राग मानू नका. आमच्या घरी हे चालत नाही. नेण्याआधी सौभाग्यवतींना विचारावं लागेल."

केसरनं पुडकं परत घेतलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"सर बी पास," ती म्हणाली.