खाली न बोलायचा शब्द

आवाज द्यायला बाबा एकटेच येतील अशी झिताची समजूत होती. त्यामुळे स्टुडिओच्या खिडकीतून तिला बाबांच्या मागोमाग गाडीतून हिल्डा मावशी उतरताना दिसली, तेव्हा ती खिडकीपासून मागेच सरली. मावशीने ठेवणीतला कोट घातला होता आणि फडक्यात बांधलेला खसखशीचा केक दोन्ही हातांत असा धरला होता, की बारशालाच निघालीय जणू.

"मेले मी," झिता म्हणाली.

"आधी आजचं रेकॉर्डिंग होऊ दे, मग मर," कायेतान म्हणाला. स्टुडिओ त्याचा. माणूस क्राकुफचा, मनाने चांगला, पण खाणींच्या ह्या कातोवित्से शहरात पाच वर्षं काढूनही त्याला इथली बोली निम्मीच कळायची. "कोण आहेत त्या?"

"गिंटरची बायको."

कायेतानच्या हातातला कॉफीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. गिंटर कोण हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दोघं मिळून बनवत होते त्या व्हिडिओ गेममधला एवाल्ड म्हणजेच गिंटर. खेळणारा माणूस एवाल्ड होऊन कोसळलेल्या खाणीच्या अंधारात अडकून पडतो, दिव्याची बॅटरी पुरवून पुरवून वापरतो, मदतीसाठी दगडावर ठोके देतो, आणि शेवटी तुटक्या फोनवर एक वाक्य बोलून गप्प होतो. ह्या शेवटच्या वाक्यापायी गेले दोन महिने झिताच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कारण ते वाक्य आधीच एका दगडावर कोरलेलं होतं. खाणीचं छत कोसळून गिंटर त्याखाली अडकला तेव्हा झिता शाळेत होती. तिचे बाबा, तेओफिल हानुसेक, बचाव पथकात होते आणि गिंटरचे जिवलग मित्र. फोनवर गिंटरशी शेवटचं बोलले ते तेच. ते त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा उशीर झाला होता. घरी आल्यावर अंगावरची काजळी न धुता ते थेट शेजारच्या दारात गेले आणि हिल्डाला म्हणाले, "जाताना तो म्हणाला, देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो." खाणीत उतरताना आणि वर येताना आमच्याकडे हेच म्हणतात. हिल्डाने ते जसंच्या तसं थडग्यावर कोरून घेतलं.

झिताने आधी तेच गेममध्ये घातलं होतं, अक्षर न बदलता. मग गेम खेळून बघायला बाहेरची काही पोरं बोलावली. तासभर श्वास रोखून खेळलेली ती पोरं नेमकी त्या वाक्याला फिसकन हसली. एकजण म्हणाला, "माणूस मरतोय की प्रवचन देतोय?" झिताला इतका राग आला की ती जिन्यात जाऊन रडली. राग पोरांचा नव्हता. पोरांचं खरं होतं, त्याचा होता. शिव्या न देता मरणारा खाणवाला तिने तरी कुठे पाहिला होता? लहानपणापासून तिने ह्या माणसांना बघितलेलं. मिठाची बरणी सापडली नाही तरी ते बरणीच्या आईपर्यंत जायचे.

म्हणून तिने वाक्य बदललं. "कुठं आहेस रे, रांडेच्या?" एवढंच. पोरं परत बोलावली, तर ह्या वेळी कुणी हसलं नाही. एका मुलीने हेडफोन काढले आणि घरी वडिलांना फोन लावला.

हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं. हिल्डा मावशीला तर स्वप्नातसुद्धा सांगायची तिची छाती नव्हती. वर्षानुवर्षं दर रविवारी त्या दगडावर मेणबत्ती लावणारी बाई. तिच्या नवऱ्याच्या तोंडात देवाच्या जागी रांड घातली म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? बाबांना तेवढ्यापुरतं पटवू, रेकॉर्डिंग उरकू, पुढचं पुढे, असा तिचा बेत होता. आणि पुढचं तर आत्ताच केक घेऊन जिना चढत होतं.

"प्रकाशक काल पुन्हा बोलला," कायेतान खाली आवाजात म्हणाला. "एवढ्या शिव्या चालणार नाहीत. गेम थेट अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरतो. निदान शेवटची तरी काढा, म्हणाला, तोच तुकडा जाहिरातीत घ्यायचाय."

"दगडाखाली सापडलेला माणूस 'अरेरे, काय हे' म्हणेल का?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मला पटतंय गं. त्याला पटत नाही." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अगं, 'पिएरोन' घाल की! तुमच्याकडचाच शब्द, प्रकाशक खूश, आणि म्हाताऱ्या बाईंसमोरही लाज नाही. गोड शब्द आहे. माझ्या कपावर आहे बघ."

कपावर होता खरा, लाल अक्षरांत. पिएरोन म्हणजे वीज, कडाडून पडणारी. पूर्वी आमच्या आज्या हा शब्द ऐकला की कानाखाली वाजवायच्या. आता तो स्टेशनवरच्या दुकानात कपांवर, टी-शर्टवर मिळतो. बाबा तो कधी उच्चारायचे नाहीत हे झिताला माहीत होतं. देवभोळे आहेत, आजीचं वळण, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिने विचारच केला नाही. जिन्यात पावलं वाजत होती, आणि रांडेपेक्षा वीज बरी.

"घाल," ती म्हणाली. कायेतानने दोन बोटांनी शब्द बदलला. झिताला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"ही म्हणाली मी पण येते," बाबा आत येत म्हणाले. "म्हटलं चल. घरात बसून तरी काय करणार."

"गिंटरचा आवाज हा काढणार आणि मी घरात भांडी घासत बसू?" हिल्डा मावशी म्हणाली. "कुठं ठेवू गं हा केक? आणि तू इतकी वाळलीस कशानं? हा पोरगा तुला खायला देत नाही का?"

"देतो की हो, काकू," कायेतान म्हणाला.

"दिसतंय ते."

मावशी सोफ्यावर बसली. बाबा काचेपलीकडच्या छोट्या खोलीत गेले, माइकसमोर उभे राहिले आणि हेडफोन असा चढवला की जणू बचाव पथकाचं हेल्मेटच. बाहेरच्या स्पीकरवर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

आधीची वाक्यं होती ती एवाल्ड बॅटरी शोधतो, त्याचा पाय अडकतो, पाण्याची बाटली फुटते तिथली. शिव्यांची नुसती माळ होती. बाबांनी ती अशी काही म्हटली की कायेतान तोंडावर हात धरून हसला. झिता मात्र हिल्डाकडे बघत होती. आता उठेल, आता काहीतरी म्हणेल. पाचावर धारण बसलेली.

"काय बघतेस?" मावशी म्हणाली. "जेवताना ह्याहून वाईट बोलायचे हे दोघं. मी चमचा फेकून मारायची."

झिताने श्वास सोडला. म्हणजे उगाच घाबरलो आपण. उगाच शब्द बदलला. काचेपलीकडे पडद्यावर शेवटचं वाक्य आलं.

बाबांनी ते वाचलं.

स्पीकरवर श्वाससुद्धा येईनासा झाला. मग त्यांनी हेडफोन काढला, हळूच, आणि माइकच्या काठीवर अडकवायला गेले तर तो खाली पडला. त्यांनी उचलला नाही.

"हे कुणी सांगितलं तुला?" ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"हे. 'कुठं आहेस रे, पिएरोना.' कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच लिहिलंय... म्हणजे आधी दुसरं होतं. तो शब्द ह्यानं आत्ताच..." बाबांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या गाडीत आहेत की खिशात, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"काका, आवडत नसेल तर जुनं ठेवू," कायेतान घाईघाईने म्हणाला. "मला वाटलं पिएरोन जरा सौम्य आहे."

"सौम्य!" बाबा म्हणाले. "बाळा, वर म्हण काय म्हणायचं ते. बायकोला म्हण, कुत्र्याला म्हण. खाली तो शब्द कुणी काढत नाही. खाणीच्या राखणदार भुताला शीळ चालत नाही आणि विजेचं नाव चालत नाही. खाली वीज कडाडली म्हणजे छत कोसळलं. रांड म्हण, हवी ती शिवी दे, ती वाऱ्यावर जाते. खाली कुणाला पिएरोन म्हटलं तर तो शाप. तो लागतो."

हे झिताला कुणी सांगितलं नव्हतं. खाली उतरलेला माणूसच हे जाणणार, आणि खाली उतरलेली माणसं वर आल्यावर खालचं बोलत नाहीत.

हिल्डा मावशी सोफ्यावरून उठली होती. चष्मा आणला नव्हता म्हणून ती कायेतानच्या पडद्यापाशी डोळे बारीक करत गेली, आणि मग काचेच्या दाराशी.

"गिंटर हे म्हणाला का, तेओफिल?"

बाबांनी मान खाली घातली.

"मी विचारतेय. हे म्हणाला का तो?"

"हिल्डा मावशी, ही गेममधली गोष्ट आहे, खरं काही..." झिताची बोलताना गडबड होत होती. कायेतानचा शब्द, तिची सही. एका शब्दापायी आपण म्हातारीच्या थडग्यावरचा दगड फोडला, असं तिला वाटलं.

"तू गप्प बस गं जरा," मावशी म्हणाली.

"म्हणाला," बाबा म्हणाले. "आम्हाला वरच थांबवून ठेवलं होतं. खाली वायू साठलाय, थांबा, म्हणाले. मी फोनवर सांगत होतो त्याला, येतो, आलोच, येतो. शेवटी तो म्हणाला, तेओ, कुठं आहेस रे, पिएरोना. मग काही नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला शाप देऊन गेला, हिल्डा. त्याच्या जागी मीही दिला असता. पण ते घेऊन तुझ्या दारात कसा उभा राहू? म्हणून देवाचं नाव सांगितलं."

कायेतान कप असा धरून उभा होता की लाल अक्षरं त्याच्या पोटाकडे वळलेली राहतील.

हिल्डाने काचेचं दार ढकललं आणि आत गेली. मारते की काय, असं झिताला खरोखरच वाटलं.

"गिंटरला ज्या माणसाचा राग यायचा, त्याला तो काय म्हणायचा?" मावशीने विचारलं.

"आं?"

"फोरमनला काय म्हणायचा? माझ्या भावाला काय म्हणायचा, ज्यानं त्याची सायकल विकून खाल्ली?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "साहेब म्हणायचा," ते सावकाश म्हणाले.

"साहेब! राग आला की साहेब, अहो, आपण. अंगावर काटा यायचा. आणि मला रोज पहाटे दारातून काय म्हणायचा? हिल्डा म्हणायचा का कधी? 'येतो गं, पिएरोने.' पोरं झाली तेव्हा दवाखान्यात पोरांना तेच म्हणाला, नर्स त्याच्या अंगावर धावून गेली. तुझ्या लग्नात तुझ्या गळ्यात पडून काय म्हणाला होता?"

"पण ते वर, हिल्डा. तो खाली होता."

"अरे, तो कुठं खाली होता?" ती म्हणाली. "मरताना माणूस घरी असतो. तुला हाक मारत होता तो, गाढवा." तिचा आवाज आता मात्र फुटला. "इतकी वर्षं मी त्या दगडासमोर बसते आणि मला वाटतं, ह्याखाली दुसराच कुणी गृहस्थ आहे. देव भलं करो, म्हणे. माझा माणूस असं बोललाच कसा? मला वाटायचं, शेवटच्या क्षणी तो मला परका झाला. तू त्याला परका करून आणलंस, तेओफिल."

बाबा रडायला लागले. झिताने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते तिला कळेना, म्हणून ती केकच्या फडक्याची गाठ सोडायला लागली. ती सुटेना.

"आता ते म्हण," असं म्हणत मावशी खाली वाकली, तिने हेडफोन उचलला आणि बाबांच्या हातात दिला. "यंत्रात म्हण. आणि नीट म्हण. तो पुटपुटायचा नाही."

ती बाहेर येऊन कायेतानच्या शेजारी उभी राहिली. झिताने बटण दाबलं. प्रकाशक काय म्हणेल, हा शब्द त्याला गोडच वाटेल, गोड वाटला म्हणूनच ठेवेल, आणि हजारो माणसं तो ऐकून गोड म्हणतील, हे तिच्या मनात एका दमात येऊन गेलं. त्याचं तिला फार वाईट वाटलं आणि मग वाटेनासं झालं.

बाबांनी डोळे मिटले.

"तेओ," ते म्हणाले, त्यांच्या नव्हे अशा आवाजात. हिल्डाने कायेतानचं मनगट पकडलं. "तेओ, कुठं आहेस रे, पिएरोना?"

वाक्य संपलं. कायेतानचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला, तर मावशीने त्यावर फाडकन चापट मारली.

आतला श्वास अजून चालू होता. मग बाबा पुन्हा बोलले, ह्या वेळी आपल्याच आवाजात, स्क्रिप्टमध्ये नसलेलं.

"आलो रे, पिएरोना," ते म्हणाले. "आलो."