एका पायाचे दोन कारागीर

उजवा पाय डाव्यापेक्षा पाऊण इंच अरुंद होता. माणसाचा नव्हे, पँटचा. मास्तरांची बायको इस्त्री करत होती आणि पोटरीपाशी हात थांबला. डेअरीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं दुधातला स्निग्धांश मोजलेल्या बाईला एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. तरी तिने टेप लावून पाहिला. पाऊणच. आतली शिवण ताजी होती, आणि टाका कोणाचा हे ओळखायला तिला भिंगाची गरज नव्हती.

"मास्तर, हे काय?" सगळी गल्ली म्हणायची म्हणून तीही नवऱ्याला मास्तरच म्हणायची.

मास्तरांनी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "काय ते?"

"तुमची पँट. एकाच पायात बारीक झालीय."

"आटली असेल."

"एकच पाय?"

"कापड आहे ते. त्याचा काय भरवसा."

"आणि आटता आटता स्वतःला टाकेही घालून घेतले?"

मशीन थांबलं. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावला. डावी साडेतेरा, उजवी पावणेतेरा. पोटरी वाळत चालली होती, आणि कापड पायावर ढिलं लोंबून कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हा गृहस्थ गुपचूप पँट आत घेत होता. जन्मभर गिऱ्हाइकांची पोटं झाकली, तीच कला आता स्वतःवर.

पाय दुखतो हे तिला ठाऊक होतंच. चाललं की पोटरी भरून यायची, थांबलं की मोकळी व्हायची. आधी चारशे पावलं जमायची, मग दोनशे. आता ऐंशी. ऐंशीव्या पावलाला चष्म्याचं दुकान होतं. मास्तर तिथे काचेसमोर उभे राहून फ्रेमा न्याहाळत. दुकानदाराने तीनदा आत बोलावून त्यांचे डोळे तपासले होते. डोळे उत्तम होते.

आठ महिन्यांपूर्वी तपासणीत पायाची रक्तवाहिनी दोन ठिकाणी तुंबलेली निघाली: एक वर, ओटीपोटात, आणि दुसरी जांघेत. मास्तर आधी सर्जनबाईंकडे गेले, त्या कापून साफ करतात. मग तारवाल्या डॉक्टरांकडे, ते बारीक तार घालून आतून जाळीची नळी बसवतात. दोघांना भेटून आले आणि एक वाक्य घेऊन आले: "एका पँटला दोन शिंपी. आधी त्यांचं आपसात ठरू दे." जो विचारेल त्याच्या तोंडावर हेच वाक्य. मेव्हणा विचारून थकला, शेजारीण थकली.

पण आता अंगठ्याजवळ एक जखम होती, शर्टाच्या बटणाएवढी, तीन आठवडे न भरलेली. तिने टेप गुंडाळला आणि फोन उचलला. गुरुवारी दोन्ही डॉक्टर एकाच खोलीत भेटतील असं ठरवूनच तिने तो खाली ठेवला.

गुरुवारी सर्जनबाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक ओटीपोटातून येणारी, एक जांघेतली, टोकाशी मिळणाऱ्या. "जांघेत मी उघडणार. आत साचलेला थर खरवडून काढणार, आणि वरून ठिगळ लावून शिवणार."

"ठिगळ कशाला? सरळ टाके घाला की."

"सरळ शिवलं तर वाहिनी तिथे आवळेल."

"म्हणजे कळी घालणार, आवळतं तिथे जादा तुकडा." मास्तर कागदाकडे सरकले. "आणि वरचं?"

"वरचं माझ्याकडे," तारवाले डॉक्टर म्हणाले. "बाईंनी उघडलेल्या जागेतूनच मी तार वर नेणार आणि नळी बसवणार. पोट फाडायला नको."

"मग खालीही नळीच बसवा. एवढी कापाकापी कशाला?"

"जांघेत पाय दुमडतो, मास्तर. नळी दबते, मोडते."

 दुमडतं तिथे बकरमचं कडक अस्तर घालू नये, हे मास्तरांनी स्वतः किती जणांना शिकवलं होतं. "हं," ते म्हणाले. "पण तुम्हा दोघांचं एकमत कधी झालं?"

"पहिल्याच आठवड्यात," सर्जनबाई म्हणाल्या. "एकाच टेबलावर, एकाच वेळी दोन्ही करू, असं लिहून चिठ्ठी दिली होती तुम्हाला."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"कुठाय चिठ्ठी?"

"मापांच्या वहीत."

"कोणाच्या मापांत?"

"जे गाव सोडून गेले त्यांच्या."

तारवाले डॉक्टर खोकले. तिच्या जिभेवर आठ महिन्यांचं सगळं आलं होतं, पण मास्तर गुडघ्यावरची पँटची घडी पुन्हा पुन्हा सरळ करताना दिसले आणि तिने ते गिळलं.

"कात्री लावण्याआधी मी तीनदा मोजतो," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "तरी चुकते. कापड गेलं तर भरून देतो, माफी मागतो. इथे काय करायचं?" मग सर्जनबाईंकडे वळून, "तुमची चुकलीय कधी?"

"दोनदा टाक्यांतून रक्त झिरपलं. त्याच दिवशी पुन्हा उघडून शिवलं. आणि एकाचा पाय सगळं करूनही वाचला नाही."

"कोण होता?"

"वाजंत्री होता. फार उशिरा आला होता."

"आणि मी?"

"तुम्हीही उशिराच आलात. पण अजून वेळ आहे. ही जखम अशीच ठेवलीत तर पाय राहील, असं मी म्हणणार नाही."

 बायकोने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्यांना ढोसलं नाही.

मास्तरांनी कागदावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं, वरून खाली, जिथे त्या मिळत होत्या तिथपर्यंत.

"करून टाका," ते म्हणाले. "दोघं मिळून. सोमवारी जमत असेल तर सोमवारीच."