झालंच समजा

जगात दोन माणसांच्या "झालंच"वर विश्वास ठेवू नये. एक, बाहेर पडायच्या आधी आरशासमोर उभं असलेलं माणूस आणि दुसरा, शिंपी. पहिल्याचं निदान अर्ध्या तासात खरंच होतं. शिंपी जेव्हा म्हणतो, "झालंच, फक्त बटणं राहिलीत," तेव्हा त्याचा अर्थ असा की कापड अजून पिशवीत आहे आणि पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाहीये.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला लोक 'झालंच मास्तर' म्हणायचे, तेही तोंडावर. माणूस वाईट नव्हता हो. हात तर असा की शिवलेलं उलटं करून पाहिलं तरी सुलट वाटावं. पण गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तरांच्या तोंडून खरं म्हणून निघायचं नाही. तीस वर्षांची सवय. आपण खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलंही नाही. होणारच आहे ना? मग झालं म्हणायला काय जातंय?

आणि नेमकी हीच सवय हेरणारा माणूस त्यांना फोनमध्ये भेटला.

निळा कोट, पांढरेशुभ्र दात, मागे चकचकीत गाडी. त्याला सगळे 'कोच' म्हणत. तो सांगायचा, "श्रीमंती खिशात नसते, मनात असते. गरीब माणूस म्हणतो, मिळतील. श्रीमंत माणूस म्हणतो, मिळाले!" मास्तर तेव्हा एका शर्टाची काजं करत होते. त्यांची सुई तिथेच थांबली. हे तर आपण तीस वर्षं करतोय! मग आपण अजून या खुराड्यात कसे? तर म्हणे आपण हे फक्त गिऱ्हाइकांसाठी केलं, स्वतःसाठी नाही. मास्तरांना ते पटलं. मनात आधीच जे असतं ते पटायला वेळ लागत नाही.

धंदा असा होता. फी भरायची, मग फोनवर आपलं दुकान उघडायचं. माल कोचचा, गिऱ्हाईक कोचचं आणि नफा मात्र आपला. आता, जिथे मालही आपला नाही आणि गिऱ्हाईकही आपलं नाही, तिथे आपलं नेमकं असतं काय, हा प्रश्न शहाण्याला पाच मिनिटांत पडला असता. आपली असते ती फी. मास्तरांनी कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे भरले. बायकोला सांगितलं, मशीनची ऑर्डर दिलीय. झालंच समज.

पडद्यावर नफ्याचा आकडा रोज चढायचा. एकविसाव्या दिवशी तो चार लाखांवर गेला आणि कोचच्या ऑफिसातून एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला. म्हणाली, "आज शेवटचा सराव. चांगले कपडे घाला, आणि मला चार लाख मिळाले असं कॅमेऱ्याकडे बघून बोला. व्हिडिओ आम्हाला पाठवा. मनाला एकदा पक्कं कळलं की पैसा आलाच."

चांगले कपडे? शिंप्याच्या घरात चांगले कपडे असतात, पण ते लोकांचे. खुंटीवर शाळेतल्या हेडमास्तरांचा राखाडी कोट होता. निरोप समारंभासाठी शिवायला दिलेला, अजून कच्च्या टाक्यांवर. मास्तरांनी तोच अंगात चढवला, पाठीला टाचण्या लावून घट्ट केला आणि फोनपुढे उभे राहिले. "मी एक साधा शिंपी. मला चार लाख मिळाले. मला मिळाले, तर तुम्हालाही मिळतील." बोलताना नजर एकदा खाली गेली. पण जमलं. सवय होती.

पुढचं काय सांगायचं? नफा काढायला गेले तर म्हणे आधी कर भरा. आपलेच पैसे मिळायला आपणच पैसे भरायचे, हे ऐकून कुणाच्याही डोक्यात घंटा वाजावी. मास्तरांच्याही वाजली. पण इतकं भरलंय तर एवढ्यासाठी कशाला सोडायचं, म्हणून तेही भरले. मग खातं तपासायची फी निघाली. ती भरणार नाही म्हटल्यावर गोड आवाज आंबट झाला आणि मग बंदच झाला. लाखाचे बारा हजार म्हणतात. इथे बारासुद्धा राहिले नाहीत.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. आपण फसलो हे मास्तरांना तीन आठवडे माहीत होतं आणि तीन आठवडे ते तोंडात मूग धरून बसले होते. तो व्हिडिओ जाहिरात म्हणून फिरतोय हेही माहीत होतं, कारण दोन गिऱ्हाइकांनी अभिनंदन केलं होतं. मास्तर नुसते हसले होते. काय सांगणार? ज्याची मापं लोक डोळे मिटून खरी मानतात, त्यानं स्वतःचंच माप चुकवलं म्हणून सांगायचं?

त्या दिवशी दुपारी ताई दुकानात आली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही तिकीट काढायचा. बिनतिकिटाचा प्रवासी ती चेहऱ्यावरून ओळखायची. धाकट्या भावाला मशीन घेऊन दिली ती तिनेच, पहिल्या पगारातून.

तिने आत येताच मास्तरांच्या पाठीत धपाटा घातला. "छुपा रुस्तम! चार लाख मिळाले आणि बहिणीला पत्ता नाही? शेजारणीच्या फोनवर बघावं लागलं मला!"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "ताई, ते म्हणजे..."

"लाजू नकोस. मला माहितीय, तुला मिरवायला आवडत नाही." ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "मीपण भरलेत रे. पहिला हप्ता गेल्या महिन्यातच. आज पाचच्या आत उरलेले भरायचेत, फंडाचे सगळे. घरात नुसतं बसून अंगाला गंज चढतो. म्हटलं, भावाला जमलं तर बहिणीला का नाही जमणार?"

आता! आता बोलायचं! मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारात हेडमास्तर उभे.

"काय मास्तर, कोट झाला का?"

"झालाच सर, फक्त बटणं राहिलीत," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. कच्चे टाके उसवून काढलेली एक बाही अजून लावायची होती.

हेडमास्तरांनी एक सुस्कारा सोडला आणि परवा समारंभ आहे याची आठवण करून ते गेले. ताईही उठली. "येते. तुझी कामाची वेळ आहे. संध्याकाळी बोलू." आणि ती गेलीसुद्धा. मास्तर हातात खडू धरून तसेच उभे राहिले.

मग सुरू झाली मनातली कापाकापी. सांगावं तर ताईच्या नजरेतून उतरायचं. आणि ती नजर, अहो, आयुष्यात पहिल्यांदा तशी मिळाली होती! नाहीतर तिच्या लेखी हा कायम नाक पुसायला शिकवलेला धाकटा. न सांगावं तर तिचं म्हातारपण बुडायचं. यात तोलण्यासारखं काही होतं का? नव्हतं. तरीही मास्तर दोन तास तोलत बसले. फोन तीनदा उचलला आणि वाजायच्या आत तीनदा ठेवला. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

साडेचारला अखेर फोन लावला.

"ताई, ते पैसे..."

"झालं रे! भरले!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "आता निवांत."

ताई म्हणजे काही मास्तर नव्हे. शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर पडल्याशिवाय तिने कधी घंटी वाजवली नव्हती. ती झालं म्हणाली, म्हणजे झालं. दोन तास आधी बोललो असतो तर! मास्तरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, दुकान तसंच उघडं टाकलं आणि गळ्यात टेप लटकत असताना तिच्या घरापर्यंत चालत गेले. चालत कसले, शेवटी शेवटी पळतच.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. समोर पासबुक आणि फोन. भावाचा चेहरा बघून तिने चष्मा काढला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. ताई, मला काही मिळाले नाहीत." मास्तर दारातच उभे होते. "चार लाख नाही, चार पैसेसुद्धा नाही. ते लोक चोर आहेत. माझे मशीनचे पैसे गेले. तो व्हिडिओ... त्यांनी सराव म्हणून बोलायला लावलं. मिळाले असं आधीच बोलायचं, म्हणजे मिळतात. मला तीन आठवडे माहीत होतं, ताई. दुपारी तू दुकानात बसली होतीस तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटली. तुला फसू दिलं मी."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच झाले होते.

ताईने फोन उचलला, पडद्याकडे पाहिलं आणि तो पालथा ठेवला. "अजून भरले नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"कोचच्या ऑफिसातली ती बाई सकाळी म्हणाली, भरायच्या आधी तीन माणसांना भरले म्हणून सांगा, मनाची तयारी होते. तू तिसरा."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी रडून घेतलं. भिंतीला टेकून, मोठ्याने, टेपच्या टोकाने डोळे पुसत. ताईने पाणी दिलं नाही, बस असंही म्हटलं नाही.

जरा वेळाने तिने विचारलं, "पहिला हप्ता?"

"गेला."

ती मान हलवत राहिली. तो हप्ता थोडाथोडका नव्हता. वर्षभराचं पेन्शन होतं ते. "एक ऐकून ठेव," ती म्हणाली. "त्या निळ्या कोटवाल्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. असले छप्पन बघितलेत मी बसमध्ये. मी त्याचं ऐकून नाही भरले. तू बोललास म्हणून भरले."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"आणि माझी अक्कल बघ," ताई पुढे म्हणाली, "बाहीवर पांढरे टाके दिसत होते. म्हटलं, नवी फॅशन असेल. बोलताना तुझी नजर खाली गेली. बिनतिकिटाचा माणूस अशीच नजर खाली घालतो, हजारदा पाहिलंय. पण मला वाटलं, माझा भाऊ पैसे आले म्हणून लाजतोय. कौतुकच वाटलं रे तुझं."

हे मात्र मास्तरांच्या वर्मी लागलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी निमूट खाल्ल्या असत्या. कौतुक गिळवेना.

ताईने त्यांचा फोन मागून घेतला आणि टेबलावरच्या बरणीला टेकवून उभा केला. "उद्या सकाळी पोलिसांत तक्रार द्यायला दोघं जाऊ. आत्ता बोल. तसंच, कॅमेऱ्याकडे बघून."

"ताई, सगळी गल्ली बघेल."

"तेव्हाही सगळ्या गल्लीनेच बघितलं ना? माझ्यासारख्या आणखी कितीजणींनी भरलेत, तुला माहितीय?"

नव्हतं माहीत. तो विचार त्यांनी तीन आठवडे लांबच ठेवला होता. मास्तर फोनपुढे उभे राहिले. अंगात रोजचा शर्ट, गळ्यात टेप. पहिल्यांदा "मला ते पैसे अजून मिळालेले नाहीत" म्हणाले, तर ताई टेबलावर बोटाने टकटक करून म्हणाली, "अजून काय अजून? परत." दुसऱ्यांदा नजर पुन्हा खाली गेली. तिसऱ्यांदा सरळ बोलले. "मी शिंपी. मला चार लाख मिळाले असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं. मला काही मिळालं नाही, मिळणारही नाही. अंगातला कोटही माझा नव्हता. माझं ऐकून कुणी पैसे भरले असतील तर त्यांचा दोषी मी आहे. पुढे भरू नका."

व्हिडिओ सगळीकडे पाठवला. कोचच्या ग्रुपमधून मास्तरांना अर्ध्या मिनिटात काढून टाकलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर शुकशुकाट. बायकोने पाहिला आणि काही लिहिलं नाही. तिला मशीनबद्दल काय सांगायचं हे मास्तरांना घरी जाईपर्यंत ठरवायचं होतं. पहिलं उत्तर आलं ते हेडमास्तरांचं. 'म्हणजे कोट झालेला नाही?'

मास्तरांनी लिहिलं, 'नाही सर. एक बाही लावायची आहे, अस्तर बाकी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.' लिहून झाल्यावर ते बराच वेळ त्या शब्दांकडे बघत बसले.

मग उठून त्यांनी चपला घातल्या. ताई पासबुक कपाटात ठेवत होती, तिची पाठ त्यांच्याकडे होती. ती पाठ एकदम म्हातारी दिसली त्यांना. काहीतरी बोलावं म्हणून ते नेहमीसारखं म्हणाले, "दुकान बंद करून आलोच, ताई."

"आलोच म्हणू नकोस," ती मागे न वळता म्हणाली.

मास्तर उंबऱ्यावर थांबले. साधा शब्द होता, घराघरात बोलतात तो. पण तिला आता त्यांच्या तोंडून तोही नको होता.

"येईन," ते म्हणाले.

"आलास की कळेल," ताई म्हणाली आणि तिने कपाटाला कुलूप लावलं.