बारापैकी दहा

सासरे गुरुवारी दाढ काढायला येणार होते, म्हणून डॉक्टरांनी सोमवारीच ठरवलं की वेटिंग रूममध्ये त्यांचा अल्बम लावायचा. सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वी क्लॅरिनेटचा एकच अल्बम काढला होता. तीनशे सीड्या निघाल्या, त्यातल्या दोनशे चाळीस अजून त्यांच्या पलंगाखाली सुखरूप होत्या. जावई या नात्याने डॉक्टरांना सहा मिळाल्या. त्यातली एक त्यांनी कधीतरी क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि कर्तव्य संपलं असं मानलं होतं.

"सर, यात दहाच आहेत," रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या. "कव्हरवर तर बारा लिहिलंय."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. चारनंतर सहा, आठनंतर दहा. अशा फटी बघण्यात त्यांची हयात गेली होती, पण त्या लोकांच्या तोंडात.

दोन पेशंटच्या मधल्या वेळात त्यांनी शोध सुरू केला. फोल्डर उघडलं, तर फाइली बाराच्या बारा होत्या. पाचवीवर क्लिक केलं, ती वाजली. नववीही वाजली. मग त्यांनी त्या दोन्ही पुन्हा लायब्ररीत टाकून पाहिल्या. कॉम्प्युटर म्हणाला, या आधीच आहेत. कुठे आहेत, ते मात्र सांगेना. डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी अख्खी लायब्ररी नव्याने तयार करायला लावली. त्याला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ वेटिंग रूममध्ये संगीत नव्हतं, फक्त आतल्या ड्रिलचा आवाज. दोन पेशंट "जरा जाऊन येतो" म्हणून गेले ते गेलेच.

लायब्ररी तयार झाली. गाणी दहाच.

डॉक्टरांची बायको कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. मंगळवारी संध्याकाळी ती क्लिनिकवर आली, तिने पर्स खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"पुस्तक रॅकवर आहे, पण नोंद भलत्याच खणात पडलीय," ती म्हणाली. "गाण्याच्या नावाने नको, कलाकाराच्या नावाने बघ."

तसं पाहिल्यावर अर्ध्या मिनिटात सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याच नावाचा आणखी एक अल्बम खाली पडला होता. त्यात दोनच गाणी होती, पाचवं आणि नववं, आणि कलाकार म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. सीडी उतरवताना कॉम्प्युटरने गाण्यांची यादी इंटरनेटवरून आपोआप घेतली होती, आणि ती यादी कुणीतरी हाताने भरलेली असणार. पाचव्याचं नाव 'संथ पाणी'. यादीत ते 'संत पाणी' असं पडलं होतं.

"हे तर लंबूकाका," बायको म्हणाली.

"कोण लंबूकाका?"

"बाबांचे जोडीदार. तेही क्लॅरिनेटच वाजवायचे. रोज घरी यायचे, मग एक दिवस यायचे बंद झाले. घरात तो विषय काढायचा नसतो."

"मग त्यांचं नाव इथे कसं?"

"ज्याने भरलं त्याचा घोळ झाला असेल."

"तुला ऐकून कळत नाही, वाजवतंय कोण?"

"खरं सांगू? मी तिसऱ्याच्या पुढे कधी गेलेच नाहीये."

डॉक्टरांनी दोन्ही ठिकाणी सासऱ्यांचं नाव टाकलं, 'संत'चा 'संथ' केला, आणि बाराही गाणी मुकाट्याने एका ओळीत येऊन बसली.

गुरुवारी सासरे वेळेच्या आधी अर्धा तास आले. आयुष्यभर ते दातांच्या डॉक्टरांना टाळत आले होते; मुलीने नेमका तसाच जावई आणल्यावरही त्यांनी आठ वर्षं दाद दिली नव्हती. त्यांनी पहिली चार गाणी डोळे मिटून ऐकली. पाचवं सुरू झालं तसे ते उठून काउंटरपाशी गेले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले.

"हे माझ्या नावावर कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"सरांनी," बाई अभिमानाने म्हणाल्या. "दोन दिवस बसले होते."

सासरे आत खुर्चीत जाऊन पडले. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटं थांबायचं असतं. त्यांचा अर्धा ओठ बधिर झाला, आणि तेव्हाच त्यांना बोलावंसं वाटलं.

"हाचवं हाझं नाही," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"हाचवं. आणि नववं." त्यांनी ओठ बोटाने धरून नीट बसवला. "रेकॉर्डिंग दोन दिवस होतं, दुसऱ्या दिवशी दाढेने माझा गाल हा एवढा सुजला. फुंकच मारता येईना. स्टुडिओ पुन्हा मिळणार नव्हता, म्हणून लंबू वाजवून आला. कव्हरवर त्याचं नाव टाकायचं ठरलं होतं."

"मग?"

"राहिलं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पाचातली दोन मिनिटं उरली होती.

"राहिलं म्हणजे मी राहू दिलं," सासरे म्हणाले. "आणि लोकांना नेमकं पाचवंच आवडलं. ज्याने त्याने येऊन पाचव्याबद्दल बोलायचं आणि मी मान डोलवायची. लंबू एकदाच म्हणाला, 'तू छान मान डोलवतोस.' त्यानंतर आला नाही."

"यादी त्यांनीच भरली असेल का?"

"त्यात 'संत' होतं?"

"होतं."

"मग तोच. त्याला थ कधीच जमला नाही. काढ आता ती दाढ. आणि ते होतं तसं कर."

"तसं केलं तर तुमची दहाच दिसतील."

"दहाच आहेत."

दाढ निघाली. संध्याकाळी बायकोने कॉम्प्युटरवर दोन वेगळे रकाने शोधून काढले, एक अल्बम कोणाचा आणि दुसरा गाणं कोणाचं. पहिल्यात वडील, दुसऱ्यात दोन ठिकाणी लंबूकाका. बाराही गाणी एकत्र राहिली. सासऱ्यांनी गालाला बर्फ लावून ते पाहिलं आणि मुलीकडे फोन मागितला. अर्धा तास ते नुसते फोन हातात धरून बसले. मग लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

"आवाज असा का येतोय?" लंबूकाकांनी विचारलं.

"दाढ काढली."

"आत्ता?"

लंबूकाका पुढच्या आठवड्यात क्लिनिकवर आले. दारातून आत येताना त्यांना वाकावं लागलं. दोघं म्हातारे वेटिंग रूममध्ये शेजारी शेजारी बसले. बाईंनी पाचवं लावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. लंबूकाकांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. गाणं संपलं.

"फार घाईत वाजवलंय," लंबूकाका म्हणाले.

"मला तसं कधी वाटलं नाही," सासरे म्हणाले.

"तुला काय वाटणार? तू होतास कुठे?"

सासरे हसायला गेले, पण टाका ओढला गेला म्हणून थांबले. आतून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. कोणीच उठलं नाही, कारण वेटिंग रूममध्ये त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांना नवव्यासाठी थांबायचं होतं.