अर्पणपत्रिका

"हे पान तुम्ही बघायचं नाही, मिसेस डॉर्सेट!" ग्रेचननं तिसऱ्या पानाच्या कच्च्या आराखड्यावर दोन्ही हात पसरले.

"का गं? सत्तावीस वर्षांत माझ्या नजरेखालून न जाता एकही पान छापखान्यात गेलेलं नाही."

"या वर्षी जाईल. संपादक मी आहे ना? मग झालं तर."

"आणि चुका राहिल्या तर?"

"नाही राहणार. शब्द द्या बघू आधी."

मी शब्द दिला आणि घाईघाईनं खिडकीकडे वळले, कारण तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना.

तिसरं पान म्हणजे अर्पणपत्रिका. आमच्या शाळेचा वार्षिकांक शेवटच्या वर्गाची मुलं दरवर्षी एका माणसाला अर्पण करतात. मे महिन्याच्या अखेरीस जिममध्ये, म्हणजे खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळी शाळा जमते, संपादक ते पान मोठ्यानं वाचतो, तोवर नाव गुपित, आणि मग अंक वाटले जातात. आधी माहीत असतं ते फक्त मला, कारण अंकाचं काम बघणारी शिक्षिका मी. तिच्यापासूनच पान लपवायचं, तर त्याचं कारण एकच असू शकतं.

हे पान फुटबॉल शिकवणाऱ्या बर्डेटला दोनदा मिळालं. बँडच्या मास्तरांना मिळालं, कँटीनमधल्या डोलोरेसला मिळालं, एका वर्षी तर बसच्या ड्रायव्हरला. दरवेळी मी पुढे उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन भांडी आपटली. माझा नवरा रस त्या दिवशी गुपचूप बाहेर जाऊन गवत कापायचा.

पण त्या सगळ्यांचं मला तितकं वाटलं नाही, जितकं सेलेस्ट अँबर्गचं वाटायचं. नाटक शिकवायला आली त्याला जेमतेम चार वर्षं. गळ्यात लांब स्कार्फ, स्टेजवर अनवाणी फिरणार, मुलं तिला लाडानं 'मिस ए' म्हणणार. दुपारचे डबे घेऊन पोरं तिच्या खोलीत फरशीवर फतकल मारून बसत. आमची ग्रेचन स्लिव्हकासुद्धा. माझ्या टायपिंगच्या वर्गात मुलं कामापुरती येत आणि घंटा झाली की खुर्च्या तशाच टाकून पळत. मी त्यांना वेळेवर काम करायला शिकवलं, ही काय फरशीवर बसून सांगायची गोष्ट आहे?

जानेवारीत मी मुख्याध्यापकांना निवृत्तीचं पत्र दिलं होतं आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. मला निरोपाचा केक नको होता. मला ते पान हवं होतं. हा शेवटचा अंक, आणि मुलांना काही ठाऊक नसताना, आपण होऊन त्यांनी मला निवडलं होतं.

"रस, त्या दिवशी रजा टाक."

"नक्की आहे का गं हे, विल्मा?"

"दुसरं काय असणार?"

एप्रिलच्या सुट्टीत शाळा रिकामी असते. मी मात्र नेहमीप्रमाणे आले होते, तेवढ्यात मिसुरीच्या छापखान्यातून लॉरेटाचा फोन आला. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण फोनवरची ओळख अकरा वर्षांची.

"बरं झालं बाई सापडलीस. पान तीनचा घोळ आहे."

"ते मी बघायचं नाही. शब्द दिलाय."

"मग कोण बघणार? दुपारी छापायला घ्यायचंय."

"ती पोरगी फ्लोरिडाला गेलीय, समुद्रावर लोळत असेल."

"मग तूच सांग. फोटो चौकटीपेक्षा रुंद आहे. बाईनं हात पसरलेत, ते कापू का बाजूचा मजकूर बारीक करू?"

मी हात पसरून कधी फोटो काढला होता, ते आठवू लागले.

"कुठली बाई, लॉरेटा?"

"अगं, ती स्टेजच्या पायऱ्यांवर बसलेली. स्कार्फवाली. पायात काही नाही."

मी खुर्ची ओढून बसले. लॉरेटा बोलतच होती. "पाकिटात दुसरा एक फोटो आहे. मागे 'हा नको' असं लिहिलंय, डोळे मिटलेत तिचे आणि तोंड वेडंवाकडं झालंय. पण तो चौकटीत अगदी बरोबर बसतो. तो टाकू?"

खोटं कशाला बोलू, 'टाक' हा शब्द जिभेवर आला होता. साडेआठशे प्रतींमध्ये ती कायमची डोळे मिटून, तोंड वाकडं करून बसली असती, आणि मला कुणी बोललं नसतं. फोटो मापात बसत नव्हता, एवढं कारण पुरे होतं. पण माझ्या अंकात कुणाचा वाईट फोटो कधी गेलेला नाही. ज्या पोरांनी मला छळलं त्यांचाही नाही. हा चांगुलपणा म्हणू नका, ही माझी घमेंड आहे.

"हात कापू नकोस," मी म्हटलं. "मजकूर बारीक कर."

"छान दिसते गं. मैत्रीण का तुझी?"

"शाळेत आहे माझ्या."

रसला मी रजा रद्द करायला सांगितली. त्यानं उठून कॉफी केली.

सुट्टी संपल्यावर ग्रेचन आली, उन्हानं नाकाची सालटं निघालेली.

"छापखान्यातून फोन आला होता," मी म्हटलं. "पान तीनचा."

तिचा चेहरा उतरला. "तुम्ही बदललंत का ते?"

हा तिचा पहिला प्रश्न. माझ्याबद्दल तिला एवढीच खात्री होती.

"नाही. आहे तसं आहे. पण लपवलंस कशाला?"

"तुम्हाला मिस ए आवडत नाहीत. सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना?"

"म्हणजे..." ती बुटाकडे बघत राहिली. "त्यांच्या नाटकाला तुम्ही दरवर्षी एकच पान देता. कुस्तीला चार. आम्ही मागचे अंक काढून मोजली."

"पानं फोटोंवर ठरतात," मी म्हटलं. ते खरं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं. ती पोरगी शहाणी आहे. मीच शिकवलंय तिला पानं मोजायला.

मेमध्ये जिम खचाखच भरली. ग्रेचननं पान वाचलं आणि सेलेस्ट तोंडावर हात धरून पायऱ्या उतरली. पहिली प्रत हातात देण्याचं काम माझं. मी दिली. पोरं बसायच्या लाकडी फळ्यांवर उभी राहून पाय आपटत होती.

अंक वाटून झाले की सह्यांचा गोंधळ सुरू होतो, प्रत्येकाला प्रत्येकाची सही हवी असते. माझ्या टेबलापाशी फारसं कुणी नव्हतं. सेलेस्टच आली, काजळ गालावर उतरलेलं.

"विल्मा, पहिली सही तुझी हवी मला. इथेच, फोटोच्या समोरच्या पानावर."

"माझी कशाला?"

"अगं, हे पुस्तक तू करतेस. मुलं येतात न् जातात. दुसऱ्या कुणाची घेऊ?"

ती हे मनापासून म्हणत होती. तिचा राग करायला तिनं कधी जागाच ठेवली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मी शाईचं पेन उघडलं. काहीतरी गोड लिहावं असं वाटलं, पण सुचेना. शेवटी नुसतं 'विल्मा डॉर्सेट' लिहिलं, आणि खाली '१९६७ ते १९९३'.

सेलेस्टनं वाचलं. "हे कसले आकडे?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पाच-सहा पोरी धावत आल्या, "मिस ए, मिस ए, फोटो!" म्हणत तिच्या दंडाला लटकल्या.

"सांग हं नंतर," ती म्हणाली, आणि शाई वाळायच्या आत पुस्तक मिटून त्यांच्याबरोबर गेली. समोरच्या पानावर तिच्या पसरलेल्या हातांवर कुठेतरी माझं नाव उलटं उमटलं असणार. मी तिला हाक मारली नाही.