माझ्या दांडीवरचा शब्द

मित्रांनो, एके काळी या जगातला न्याय माझ्या खांद्यांवर तोललेला होता. म्हणजे मुख्यतः गव्हाचं पीठ, साबणाचा चुरा आणि कुणाचं छप्पर गळू लागलं की खिळे.

मी एक जुना पितळी तराजू आहे. तांबटाने मला घडवलं आणि माझ्या पहिल्या मालकांच्या सांगण्यावरून दांडीवर एक हिब्रू शब्द कोरला : त्सेदेक. तांबटाला ती लिपी येत नव्हती. तो नक्षी समजूनच कोरत गेला, म्हणून शब्द फार सुबक उतरला.

गिऱ्हाइकं मालकांना विचारत, "काका, हे काय, दुकानाचं नाव?"

"नाही हो. आमच्या जुन्या भाषेत न्यायाला आणि नीतीला हा एकच शब्द. कचेरीत न्याय आणि घरात नीती, अशी वाटणी पूर्वजांना जमली नाही."

"आणि दानधर्माला?"

"तोही याच शब्दाचा सख्खा भाऊ. गरिबाला देतो ते उपकार नव्हेत, त्याचंच त्याला देतो."

काका नुसतं बोलत नसत. काटा मधोमध आला तरी ते थांबत नसत. पिठाचं पारडं चांगलं खाली झुकेपर्यंत आणखी घालत. "माझा हात चुकला तर फटका तुम्हाला नको," म्हणत. प्रत्येक तोलणीनंतर पारडी पुसत, कारण चिकटलेलं पीठ पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतं. लोक माझं कौतुक करत आणि मी ते निमूट ऐकून घेई.

काका गेले. चिरंजीव दुकानात बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला राखेने घासलं. शब्द असा चमकला की रस्त्यापलीकडून दिसावा. मी भरून पावलो. मग त्यांनी माझ्या पिठाच्या पारड्याला खालून मेणाने शिशाचा गोळा चिकटवला. मला वाटलं, औषध असेल.

औषध नव्हतं. आता पीठ कमी पडायचं आणि काटा मधोमध यायचा. माझ्याच तोंडून खोटं, तेही त्या शब्दाखाली!

समोरच्या भट्टीवाल्या मावशी आमचं पीठ नेत. त्यांचे पाव कमी भरू लागले. संशय थेट सुनेवर गेला. एकदा तिच्यादेखत मावशी भर दुकानात म्हणाल्या, "पीठ कुठं मुरतंय, कळतं मला. माहेरचे बरे गुबगुबीत झालेत!"

"सासूबाई, माझे बाबा काडीसारखे आहेत."

"मग पोतं घेऊन तूही तिकडेच जा. कायमची."

चिरंजीव हे ऐकत होते. शांतपणे पीठ तोलत राहिले.

सून मात्र जागची हलली नाही. "भाऊ, दोन्ही पारडी रिकामी करा बघू."

"घाईत आहे, वहिनी."

"मी नाही. मला तर घरच उरलं नाही."

मागची रांग हसली. रांग हसली म्हटल्यावर चिरंजीवांना पारडी रिकामी करावीच लागली. माझं एक पारडं धाडकन खाली गेलं. रांगेतल्या माना पुढे आल्या. मित्रांनो, मला वाटलं, आता कुणीतरी ते पारडं उलटं करून बघेल.

चिरंजीवांनी सुस्कारा सोडला. "बाबांच्या वेळचा तराजू हो. म्हातारपणी कुणाची मान सरळ राहते?"

"खरंय बाई," मावशी म्हणाल्या. "हा मेला तराजूच लबाड." मग सुनेकडे न बघता, "चल घरी. भट्टी विझेल." झाली माफी मागून! सुनेने पोतं उचललं आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या अंगावरचा डाग मीच पाडला होता.

ती सुटली याचा मला आनंद आहे. पण ज्याने मला घासून चमकवलं, त्यानेच मला लबाड ठरवलं, आणि लोकांनी डोळे मिटून मान्य केलं. दुकानात काचेचा विजेवर चालणारा काटा आला. मी चिरंजीवांच्या दिवाणखान्यात टांगला गेलो. तो शब्द अजून रोज घासला जातो. पाहुणे अर्थ विचारतात, आणि चिरंजीव वडिलांच्याच शब्दांत, गहिवरून सांगतात. गोळा आहे तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा सुंदर शब्द टांगलेला असेल, तर त्याला खालूनही पुसत जा. न्याय वगैरे मी आता मागत नाही. फक्त एवढंच करा : माझ्या एका पारड्यात मनीप्लँटची कुंडी ठेवली आहे, दुसऱ्यात निदान एखादा कांदा ठेवा. मान फार दुखते हो.